बोल्टच्या भोकातली भेग

७,६९० तास आणि ३३,२७६ लँडिंग. दोन्ही आकडे एकाच विमानाचे. भागाकार केला की हिशोब निघतो: हवेत काढलेल्या दर चौदा मिनिटांमागे हे विमान एकदा जमिनीला टेकलं होतं. मुंबईहून निघालेलं प्रवासी विमान चौदा मिनिटांत धड आपल्या उंचीवरही पोचलेलं नसतं.

विमान होतं पायपर कंपनीचं ‘अ‍ॅरो’. चार आसनं, एक इंजिन, पंख खालच्या बाजूला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथल्या एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या ताफ्यातलं, म्हणजे दिवसभर शिकाऊ वैमानिकांच्या हातात असणारं. ४ एप्रिल २०१८ च्या सकाळी एक विद्यार्थी त्यावर व्यावसायिक परवान्याची परीक्षा देत होता, शेजारी परीक्षक बसले होते. धावपट्टीला चाकं टेकवून न थांबता पुन्हा उडायचं, ज्याला ‘टच अँड गो’ म्हणतात, ते करून विमान वर चढत होतं. जेमतेम नऊशे फुटांवर डावा पंख मुळापाशी तुटून वेगळा झाला. दोघेही गेले.

वादळ नव्हतं, कोणी हवेत कसरती करत नव्हतं. विमान २००७ सालचं. छोट्या विमानांच्या दुनियेत अकरा वर्षं म्हणजे काहीच नाही. चाळीस-पन्नास वर्षांची विमानं रोज उडतात. ठरलेल्या तपासण्या होत होत्या, तुटलेल्या जागी गंजाचा मागमूस नव्हता. मग पंख गळून कसा पडला, आणि त्यानंतर हजारो विमानांच्या मालकांना कोणता हुकूम सुटला, हे समजून घ्यायचं तर आधी पंखाच्या आत डोकवावं लागेल.

पालखीचा दांडा

पंखाच्या आत मुळापासून टोकाकडे एक तुळई जाते. तिला स्पार म्हणतात. वरचा पत्रा, रिब म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, इंधनाची टाकी हे सगळं एका अर्थी तिच्या अंगावर चढवलेलं असतं. अ‍ॅरोसारख्या विमानात पंखाची ही तुळई विमानाच्या धडात शिरते आणि बोल्टांनी घट्ट बसवली जाते.

पालखी डोळ्यांसमोर आणा. भोई दोन टोकांना दांडा उचलतात, भार मधे. दांडा किंचित वाकतो. त्याची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. उडणारं विमान अगदी असंच असतं. दोन्हीकडचे पंख वर उचलतात, आणि माणसं, इंजिन, सामान हा भार मधे लटकलेला. म्हणून उडताना स्पारची खालची पट्टी सतत ताणात असते. विमान जमिनीवर आलं की पालखी खाली ठेवल्यासारखं होतं: ताण सुटतो, उलट पंखच आपल्या वजनानं थोडे खाली झुकतात. उड्डाण म्हणजे उचलणं, लँडिंग म्हणजे ठेवणं. त्या अ‍ॅरोची पालखी अकरा वर्षांत ३३,२७६ वेळा उचलून ठेवली गेली.

एकदा उचलल्यानं दांडा मोडत नाही. तेवढा भार पेलेल अशी त्याची ताकद आधीच मोजून ठेवलेली असते, आणि वर भरपूर सवड ठेवलेली असते. पण तारेचा तुकडा मागेपुढे वाकवत राहिलं की तो तुटतो, हे लहानपणी प्रत्येकानं करून पाहिलेलं आहे. प्रत्येक वाकण्याला लागणारा जोर मामुली असतो, आणि तरी तार तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. शब्द तसा फसवा आहे, कारण थकलेला माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो. धातूचं तसं नाही. विमान महिनाभर हँगरमध्ये उभं ठेवा, कालपर्यंत झालेली झीज जिथल्या तिथे असते. आणखी एक अडचण म्हणजे, पोलादाला बहुधा एक मर्यादा असते: ताण तिच्याखाली ठेवला तर ते जवळजवळ कितीही वेळा सोसतं. विमानात वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी भरवशाची मर्यादा नाही. ताण कमी असला तर मोडायला उशीर लागतो, इतकंच.

आता त्या तुळईला बोल्टसाठी भोक पाडलेलं आहे, हे लक्षात घ्या. पुलाच्या खांबाला वळसा घालताना नदीचं पाणी जसा जोर धरतं, तसा ताण भोकाला वळसा घालताना त्याच्या काठावर एकवटतो. साध्या सपाट पट्टीला गोल भोक पाडलं तर त्याच्या काठावरचा ताण आजूबाजूच्या सुमारे तिप्पट होतो. भेग सुरू व्हायची ती बहुतेक वेळा इथेच.

डेटोनाच्या विमानात ती तिथेच सुरू झाली होती. अमेरिकेतल्या वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेनं तुटलेला स्पार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. थकव्यानं तुटलेल्या धातूच्या कापावर बारीक कमानी दिसतात, ओहोटीनंतर वाळूवर लाटांच्या रेघा राहतात तशा. प्रत्येक रेघ म्हणजे भेग तेव्हा कुठवर आली होती त्याची खूण. अशा खुणा खालच्या पट्टीच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भागावर होत्या. म्हणजे त्या दिवशी सकाळी विमान सुटलं तेव्हा ती पट्टी बहुतेक तुटलेलीच होती. उरलेल्या थोड्याशा धातूवर पंख तगला होता. उजव्या पंखात नेमक्या त्याच भोकापाशी भेग मिळाली. तिची खोली ०.०४७ इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. डावीकडची भेगही कधी काळी एवढीच होती, आणि तेव्हा ती कोणाला दिसली नव्हती.

दिसली असती का? नाही. भोकात बोल्ट, बोल्टाभोवती जोडपट्ट्यांचे थर. तंत्रज्ञानं टॉर्च मारून तासभर पाहिलं असतं तरी भेग त्या थरांच्या आतच राहिली असती. अंतिम अहवालात एनटीएसबीनं कारण दिलं ते या दोन्ही गोष्टी मिळून: प्रशिक्षणातले डावपेच, कमी उंचीवरचं बरंचसं उडणं आणि वारंवारची लँडिंग यांच्या भारानं भेग वाढली, आणि तपासणीचे तोवरचे निकष ती वेळेत पकडायला अपुरे होते.

बुलेटिन आणि एडी

इथे एक घोळ नेहमी होतो, तो आधी निस्तरून घेऊ. विमान बनवणारी कंपनी एखादा दोष लक्षात आला की ‘सर्व्हिस बुलेटिन’ काढते: अमुक भाग तपासा, तमुक बदला. कंपनी त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मँडेटरी’ छापते, पण ते तिच्या बाजूचं सांगणं असतं. खाजगी मालकाला ते कायद्यानं बांधतंच असं नाही. कायद्यानं बांधतो तो नियामकाचा आदेश, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. हँगरमध्ये सगळे त्याला नुसतं ‘एडी’ म्हणतात. एडीची मुदत उलटली आणि काम झालं नसेल तर ते विमान उडवणं हाच नियमभंग. मग इंजिन कितीही गोड आवाजात चालत असो. अमेरिकेत हे आदेश एफएए काढते, युरोपातल्या विमानांसाठी ईएएसए, भारतात डीजीसीए.

फार निकड नसेल तर एडी एका रात्रीत येत नाही. आधी मसुदा जाहीर होतो, मालक, कंपन्या, तंत्रज्ञ त्यावर हरकती पाठवतात, एफएए प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर देते. पायपरच्या या एडीचा मसुदा डिसेंबर २०१८ मध्ये आला. अंतिम आदेश, क्रमांक २०२०-२६-१६, लागू झाला तो १६ फेब्रुवारी २०२१ ला. पंख तुटून पडल्यावर जवळपास तीन वर्षांनी! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हा सरकारी सुस्तपणाचा नमुना वाटला होता. पण मधल्या काळात काय चाललं होतं ते पाहिल्यावर मत थोडं बदललं.

कारण ही भेग नवी नव्हती. ३० मार्च १९८७ ला टेक्सासमध्ये मार्लिन गावाजवळ, अ‍ॅरो ज्या पायपरच्या पीए-२८ घराण्यातलं, त्याच घराण्यातल्या एका विमानाचा पंख तुटला होता. ते पाइपलाइनची पाहणी करणारं विमान होतं: दिवसभर जमिनीलगत उडायचं, तापलेल्या हवेचे धक्के खायचे. त्याचे तास होते ७,४८८. डेटोनाच्या आकड्याशी ताडून पाहा. तेव्हाही एफएएनं तातडीनं एडी काढला: पंख उतरवा, स्पार तपासा. शेकडो विमानांचे पंख उतरले आणि हाती जवळपास काहीच लागलं नाही. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, तो आदेश मागे घेतला गेला.

आज मागे वळून ‘चूक केली’ म्हणणं सोपं आहे. पण तपासणी फुकट होत नाही, आणि मी इथे फक्त पैशाबद्दल बोलत नाही. तो बोल्ट भोकात नेमका, अंगासरशी बसवलेला असतो. तो ठोकून काढताना भोकाच्या आतल्या भिंतीवर ओरखडा गेला तर? थकव्याच्या भेगेला सुरू व्हायला असाच ओरखडा पुरतो. जी भेग नव्हती तिला आपणच जागा करून दिली, असं व्हायचं. २०१८ च्या मसुद्यावर मालकांनी आणि तंत्रज्ञांनी घेतलेल्या हरकतींमध्ये ही भीती ठळक होती, आणि ती रास्त होती. ज्या विमानाला धोका नाही त्याचा बोल्ट काढणं म्हणजे धट्ट्याकट्ट्या माणसाचं पोट उघडून पाहण्यासारखं.

तेव्हा खरा प्रश्न हा होता की बोल्ट काढायचा कोणाचा.

सतराचा पाढा

वयावरून ठरवता येत नाही, डेटोनाचं विमान तरुण होतं. नुसत्या तासांवरूनही नाही. रविवारी सकाळी दोनशे मैलांवर नाश्त्याला जाऊन येणारा हौशी मालक तासभर शांत हवेत सरळ उडतो. त्याच्या तासाला एक उचल, एक ठेव. शिकाऊ विमान त्याच तासात चार-पाचदा आदळतं, आणि मधल्या वेळात खालच्या थरातल्या उकळत्या हवेत तीव्र वळणं घेतं. घड्याळाला दोन्ही तास सारखेच, स्पारला नाहीत. पण हा फरक मोजायचा कशानं? छोट्या विमानांमध्ये ताण नोंदवणारं यंत्र नसतं, आणि जुन्या विमानांच्या लँडिंगची मोजदाद बहुतेकांनी ठेवलेली नसते.

एफएएनं काढलेली युक्ती मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात हुशार वाटते. अमेरिकी नियमांप्रमाणे भाड्यानं माणसं नेणाऱ्या किंवा पैसे घेऊन शिकवणी देणाऱ्या विमानाची दर शंभर तासांनी तपासणी करावी लागते. खाजगी वापराच्या विमानाला वर्षातून एकदाची तपासणी पुरते. म्हणजे लॉगबुकात शंभर-तासी तपासणीच्या नोंदी जितक्या, तितके शेकडा तास विमान खडतर कामावर होतं, असा अंदाज बांधता येतो. सूत्र असं: शंभर-तासी तपासण्यांची संख्या गुणिले शंभर, हे तास पुरेपूर धरा. एकूण तासांतून ते वजा करून जे उरतील त्यांना १७ नं भागा. दोन्हींची बेरीज ५,००० वर गेली की बोल्ट काढा.

तीन विमानं घेऊ, तिन्हींचे ६,००० तास. पहिलं आयुष्यभर एका डॉक्टरांच्या मालकीचं, शंभर-तासी नोंद एकही नाही. ६,००० भागिले १७, म्हणजे साधारण ३५३. ते ५,००० च्या जवळपासही नाही, बोल्टला हात लावू नका. दुसरं आधी फ्लाइंग स्कूलमध्ये, नंतर एका क्लबकडे, नोंदी ४०. त्याचे ४,००० अधिक उरलेल्या २,००० चा सतरावा हिस्सा, मिळून ४,११८ च्या आसपास. अजून वेळ आहे, पण लक्ष ठेवा. तिसरं सगळा जन्म शाळेत, नोंदी ५५. त्याचे ५,५०० अधिक २९, म्हणजे ५,५२९. हे तपासणीला. मसुद्यात अमेरिकेतली जवळपास वीस हजार विमानं एडीच्या कक्षेत येत होती. अंतिम आदेशात हा आकडा साडेपाच हजारांच्या आसपास आला.

आणि ज्याचं लॉगबुक हरवलंय किंवा अर्धवट आहे, त्याचं काय? हिशोब मांडता येत नसेल तर तपासणी करायचीच. दुसऱ्या विमानातून काढलेला वापरलेला स्पार बसवला असेल तरी तेच. जुन्या विमानाच्या बाजारात लॉगबुकला इतका भाव का असतो, ते इथे कळतं.

भोकात फिरणारी सुई

तपासणीच्या दिवशी पंखाला खालून टेकू देतात, म्हणजे स्पारवरचा भार हलतो. प्रत्येक पंखाच्या मुळाशी खालच्या पट्टीतले बाहेरच्या बाजूचे दोन बोल्ट एकेक करून काढतात. भोक पुसून स्वच्छ करतात. मग त्यात पेन्सिलीएवढी सळी घालून फिरवतात. सळीच्या टोकाशी तारेचं बारीक वेटोळं असतं, त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडलेली. तिच्यामुळे भोकाच्या भिंतीतल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह तयार होतात. म्हणून नाव ‘एडी करंट’. भोवरा या अर्थाची ही एडी वेगळी आणि आदेशाची एडी वेगळी, यावरून नवशिके हमखास गोंधळतात. धातू सलग असेल तर भोवरे सुरळीत फिरतात. वाटेत भेग आली की त्यांना वळसा घालावा लागतो, आणि तेवढा बदल वेटोळ्याला जाणवून पडद्यावरचा ठिपका उसळतो. डोळ्यांना न दिसणारी भेगही अशी सापडते.

तंत्रज्ञ सुरुवात विमानापासून करत नाही. त्याच्याकडे त्याच धातूचा एक ठोकळा असतो, त्यात मुद्दाम मापून पाडलेली बारीक खाच. आधी सळी त्या ठोकळ्यावर फिरवून ठिपका किती उसळतो ते बघायचं, यंत्र जुळवायचं, मग भोकात शिरायचं. तपासणारा माणूसही या कामाचं रीतसर प्रमाणपत्र असलेला लागतो. भेग निघाली तर विमान उडत नाही, स्पार बदलावा लागतो. नाही निघाली तर बोल्ट बसवून ठरावीक जोरानं आवळायचे, लॉगबुकात नोंद करायची. निकाल काहीही लागो, अहवाल एफएएला पाठवायचा, ही सक्ती या एडीत मुद्दाम घातलेली आहे. १९८७ नंतर जी माहिती हवी होती आणि पुरेशी मिळाली नाही, ती यावेळी सुटू नये म्हणून असावं, असं आपलं मला वाटतं.

पीए-२८ च्या डिझाइनला मूळ मान्यता १९६० मधली. पंखाच्या थकव्याचा हिशोब मांडूनच मान्यता घ्यायची, ही अट तेव्हाच्या नियमांत नव्हती. छोट्या विमानांसाठी ती त्या दशकाच्या अखेरीस आली. जुन्या मान्यतेवर नवं विमान बनवता येतं. म्हणून २००७ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेल्या पंखाचा आराखडा आजोबांच्या काळचा असू शकतो.

भेगेला प्रत्येक वेळी शाळाच लागते असं नाही. २६ मे २०१९ ला ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ भूगर्भाचं सर्वेक्षण करणाऱ्या एका सेस्ना २१० चा पंख तुटला, दोघे दगावले. १९७६ चं विमान, बारा हजारांवर तास. इथे तुटली ती धडाच्या छतातून आरपार जाऊन दोन्ही पंखांना जोडणारी तुळई, आणि भेगेची सुरुवात गंजानं पडलेल्या एका बारीक खड्ड्यापासून. त्या घराण्यातल्या विमानांसाठी एफएएचा एडी मार्च २०२० पासून लागू झाला, म्हणजे वर्षाच्या आत. त्यात तुळई डोळ्यांनी बघायची आणि भोवऱ्याच्या प्रवाहानंही तपासायची.

कधी भेग स्वतःच बोलते, फक्त ऐकणारा लागतो. १९ डिसेंबर २००५ ला मायामीहून उडालेल्या, १९४७ सालच्या एका ग्रुमन मॅलार्ड समुद्री विमानाचा उजवा पंख गळाला आणि वीस जण मेले. त्याच्या पंखातून आधी इंधन झिरपायचं. गळती दिसली की सीलंट फासायचं, पुन्हा गळाली की पुन्हा फासायचं, असं चाललं होतं. भेग त्या सीलंटच्या थराखाली होती. आपल्याकडे गच्चीच्या गळतीवर डांबर ओतत राहतात, तसला प्रकार.

बारामतीच्या आकाशात

बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया या गावांवरून दिवसभर घिरट्या घालणारी छोटी विमानं हेच खडतर आयुष्य जगतात: सर्किट म्हणजे धावपट्टीभोवती फेरी, लँडिंग, पुन्हा सर्किट, तेही मे महिन्यातल्या तापलेल्या हवेत. विमानं सगळी पायपर नाहीत. सेस्ना १७२ च्या पंखाला खालून तिरपा आधार असतो, त्यामुळे मुळाशी येणारा वाकण्याचा भार कमी होतो आणि बघायच्या जागा बदलतात. डायमंड डीए-४० तर काच-तंतूंच्या संमिश्राचं; त्याचा हिशोब आणखी निराळा. डिझाइन ज्या देशाचं, त्या देशाच्या नियामकानं सुरक्षेची अशी सक्तीची माहिती जिथे जिथे ती विमानं नोंदलेली आहेत तिथल्या नियामकांना कळवायची, ही आंतरराष्ट्रीय रीत आहे. भारतात नोंदलेल्या विमानावर त्या एडीची पूर्तता झाली का, हे डीजीसीए बघते. हँगरमध्ये त्यावर सही असते ती परवानाधारक एएमईची, म्हणजे देखभाल अभियंत्याची.

मुलाला किंवा मुलीला वैमानिक करायचं म्हणून लाखांत फी भरायला निघालेले आईवडील शाळेत गेल्यावर विचारतात की सिम्युलेटर आहे का, हॉस्टेल कसं आहे, नोकरी लागते का. आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: मूल ज्या विमानावर शिकणार त्याचे एकूण तास किती, लँडिंग किती, आणि त्याला लागू असलेल्या एडींची यादी दाखवता का? प्रत्येक विमानाची अशी यादी ठेवलेली असते. आदेशाचा क्रमांक, कधी पूर्तता केली, किती तासांवर केली, पुन्हा कधी करायची. नीट चाललेल्या हँगरमध्ये ती फाइल कपाटातून काढायला दोन मिनिटं लागतात.